यात्रेला गेलेली शेडनेट

सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते आणि शैलाक्काच्या टाकीवर सावलीची शेडनेट अजून ओढलेली नव्हती. मी मोबाईल काढून फोटो घेतले. एक नुसत्या टाकीचा, एक भिंतीवरच्या घड्याळासकट. कॉलेजात असताना नदीच्या प्रदूषणावर पत्रकं काढायचो, तेव्हापासूनची ही सवय. आरोप करायचा तर पुरावा हातात पाहिजे. आणि मला आरोप करायचाच होता.

का, ते स्पष्ट लिहितो. मला तिचा हेवा वाटत होता. नोकरीला लागल्यापासून वाटत होता. आज हे लिहायला सोपं आहे. तेव्हा मी त्याला शिस्तीचा प्रश्न म्हणत होतो.

आम्ही स्पिरुलिना पिकवतो. औषधाच्या दुकानात ताकदीच्या म्हणून गडद हिरव्या गोळ्या मिळतात, त्या याच्याच. लोक त्याला शेवाळ म्हणतात, बोलताना आम्हीही शेवाळच म्हणतो. खरं तर ते सायनोबॅक्टेरिया. म्हणजे उन्हावर जगणारा जीवाणू. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखा दिसतो. कसबा बावड्याच्या पलीकडे, पूर्वी जिथं ऊस होता त्या रानात आमच्या सिमेंटच्या उथळ टाक्या आहेत. गुडघ्याच्या खाली पाणी, त्यात सोडा आणि क्षार. या पाण्यात वाढणाऱ्या हिरव्या पिकाला आम्ही कल्चर म्हणतो. पहाटे ते कापडातून गाळायचं, दाबायचं, शेवयांसारखं पाडून वाळवायचं आणि दळायचं. दोन नंबरची टाकी शैलाक्काकडे, तीन नंबरची माझ्याकडे. एक नंबर गळकी, ती बंद.

उन्हावर जगणाऱ्या जीवाला सावली कशाला, असं युनिट बघायला येणारे सगळे विचारतात. उत्तर असं. ऊन वापरून ही पेशी स्वतःचं अन्न करते आणि ऑक्सिजन बाहेर टाकते. ऊन बेताचं असलं तर सगळं सुरळीत. ऊन झेपेनासं झालं की उरलेली ऊर्जा त्याच ऑक्सिजनवर जाते आणि तो पिसाळतो. पिसाळलेला ऑक्सिजन पेशीचा रंग जाळतो, तिची कातडी फाडतो. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हिरवीगार टाकी दोन दिवसांत खलास होऊ शकते. म्हणून वर हिरवी शेडनेट. सकाळी नऊला ओढायची, चारला काढायची. हा नियम मीच टाईप करून भिंतीवर लावला होता. खाली ठळक अक्षरात, 'सर्वांना बंधनकारक'.

सर्वांना म्हणजे दोघांना.

शैलाक्का चाळिशीची. बारावी शिकलेली. माहेर बावड्यातलंच, घरची ऊस आणि भाजीच्या रोपांची नर्सरी, त्या रोपांतच वाढलेली. पहिली टाकी बांधली तेव्हापासून ती इथं आहे. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, मंगळवार पेठेतून रोज मोटरसायकलवर येणारा. मी पीएच मीटर कॅलिब्रेट करायचो. ती दोन बोटं पाण्यात बुडवून चोळायची आणि म्हणायची, "आज सोडा कमी पडलाय." मीटर लावला की तेच निघायचं. एकदा निघालं तर ठीक. दर वेळी?

दर सोमवारी आम्ही आठवड्याचं उत्पादन बोर्डावर लिहायचो. तिचा आकडा वर, माझा खाली. पावसाळ्यात तसंच, थंडीत तसंच. मी खताचं प्रमाण बदललं, पाणी हलवायच्या वेळा बदलल्या, इंटरनेटवरून पेपर उतरवून वाचले. आकडा खालीच. ती कुणाच्या तरी वशिल्यानं चिकटलेली असणार, असंही मी ठरवून टाकलं होतं. पुरावा नव्हता. या एका बाबतीत मी पुराव्याचा आग्रह धरला नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या बाजूला मोठी टाकी तयार होत होती, आमच्या दोन्ही टाक्या पोटात घेऊन उरेल एवढी. आमचे मालक आबा. त्यांनी सांगून टाकलं होतं, "ज्याचं कल्चर चांगलं, त्याचं बियाणं मोठ्या टाकीत. ज्याचं बियाणं, त्यो इनचार्ज. यात्रा झाली की ठरवू." यात्रा म्हणजे जोतिबाची चैत्र यात्रा. आबा भक्त माणूस. कामाची तारीख देवाच्या तारखेला बांधायची यांची पद्धत असेल, असं मला वाटलं. मनातल्या मनात निषेध नोंदवला आणि सोडून दिलं.

ती टाकी मला पाहिजे होती. घरी सांगूनही बसलो होतो की मिळाल्यात जमा आहे.

आणि नेमकं तेव्हाच अक्काचा आकडा घसरायला लागला. नेट उघडी ठेवायला लागल्यापासून. म्हणून ते फोटो.

मिटिंग म्हणजे ड्रायरच्या शेडमध्ये तीन खुर्च्या आणि चहा. मी मोबाईल आबांच्या पुढे धरला.

"आबा, तीन दिवस झाले. नऊची नेट साडेनऊपर्यंत उघडी. आज तर पावणेदहा. आकडा बघा, पडलाय. कल्चरवर ताण येतोय."

आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अक्का, काय भानगड हाय?"

"भानगड कसली, आबा. उन्हाची सवय लावतोय."

"कुणाला?"

"टाकीला."

मी हसलो. मोठ्यानं हसलो, हे कबूल करतो. "अक्का, हे मिरचीचं रोप न्हाय."

"मग काय हाय?"

"सायनोबॅक्टेरिया."

"जित्तं हाय न्हवं?"

"हाय."

"मग झालं की."

यावर मी दहा मिनिटं बोललो. प्रकाशाची तीव्रता, एन्झाइम्स, नियम, जबाबदारी, सगळं आलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुहास, तुझं भाषण झ्याक असतंय. पर ज्यानं त्यानं आपापल्या टाकीचं बघायचं. च्या घे, गार झाला."

मिटिंगनंतर नळावर हात धुताना अक्का शेजारी येऊन उभी राहिली. रागावलेली अजिबात नव्हती. मला ती रागावायला हवी होती.

"सुहास, तू बी नेट उशिरा वढाय लाग. आज साडेनऊ, परवा दहा, असं सरकत सरकत बारापतोर न्यायाचं. यात्रेला अजून वीस दिवस हायत. तवर सवय लागंल."

यात्रेचा आणि नेटचा काय संबंध, हे विचारायला मी तोंड उघडलं. आणि मिटलं. विचारलं असतं तर मला काहीतरी माहीत नाही, असं दिसलं असतं. तिच्यापुढं ते चालणार नव्हतं. वर डोक्यात आलं, हिचा आकडा पडलाय, आता माझाही पाडायचाय हिला.

"बघतो," म्हणालो. आणि त्या दिवशी माझी नेट पावणेनऊलाच ओढली.

ती जेवायला गेली की मी तिच्या टाकीतलं थोडं पाणी ड्रॉपरनं काढून मायक्रोस्कोपखाली बघायचो. चोरून. तुटके धागे दिसावेत, दुसरं काहीतरी वळवळताना दिसावं, अशी अपेक्षा. काचेखाली दिसायचं ते बघून जीव जळायचा. घट्ट, एकसारखे, लांबलचक वेटोळे. माझ्यापेक्षा देखणे. फक्त रंग जरा पिवळसर झाला होता. तेवढ्या पिवळेपणावर मी आठवडा काढला.

तो पिवळेपणा म्हणजे काय, हे मला माहीत होतं. चीड आणणारी गोष्ट ही आहे. पेशीत त्या पिसाळलेल्या ऑक्सिजनला विझवणारी एन्झाइम्स असतात. रोज थोडी झळ बसली की पेशी ती जास्त बनवते, सोबत नारिंगी रंगद्रव्यही वाढवते. या कामात शक्ती खर्च होते, म्हणून तेवढे दिवस वाढ मंदावते. आकडा पडतो. पण मग एक दिवस खरं ऊन आलं तर पेशी तयार असते. तयारी नसताना एकदम भडका उडाला तर तिला वेळच मिळत नाही. हे मी एम.एस्सी.च्या पेपरात लिहून मार्क घेतले होते. नर्सरीवाले विकायच्या आधी रोपं उन्हात काढून रापवतात, ते हेच. पण ते शैलाक्काच्या तोंडून आलं, म्हणून मला ते मिरचीचं रोप वाटलं.

आता माझा पराक्रम.

कल्चर किती दाट आहे हे बघायला आमच्याकडे काठीला लावलेली पांढरी ताटली असते. ती पाण्यात सोडायची आणि किती खोल गेल्यावर दिसेनाशी होते ते मोजायचं. दोन-तीन सेंटीमीटरवर गडप झाली तर कल्चर दाट. दाट कल्चर स्वतःच स्वतःला सावली करतं, वरचे धागे खालच्यांना झाकतात. जास्त गाळून काढलं की ते पातळ होतं आणि सगळेच धागे उघड्यावर येतात. म्हणून एका वेळी थोडंच काढायचं असतं.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात मी थोडं काढलं नाही. अक्काचा आकडा खाली होता, माझा वर नेण्याची हीच संधी होती. सलग तीन दिवस भरपूर गाळलं. ताटली सहा सेंटीमीटर खाली गेली तरी दिसत होती. वर नेट आहे, भरून येईल, असा हिशेब. सोमवारी बोर्डावर पहिल्यांदा माझा आकडा वर गेला. मी तो लाल मार्करनं लिहिला.

अक्कानं बोर्ड बघितला. "आयला, भारी की रं! पेढं आण आता."

मनापासून म्हणाली. हेच मला सहन झालं नाही. मी इतके महिने हिच्या आकड्यावर जळतोय आणि हिला माझ्या एका आकड्याचं काहीच वाटू नये? तिनं जळावं म्हणून तर लाल मार्कर आणला होता.

मग तिनं माझ्या टाकीत वाकून बघितलं. "पर लई काढलास. पार पातळ केलंस. यात्रा तोंडावर आलीया, बाबा."

"अक्का, सारखं यात्रा यात्रा काय लावलंय? जायाचं असंल तर सुट्टी घेऊन जावा की."

"मला कुठली सुट्टी? त्या पाच दिवसांत तर मला हितनं हलता येत न्हाय."

कामाचा आव आणते आहे, असं मी मनात म्हटलं आणि मार्करला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी आठला टेम्पो आला. तीन माणसं उतरली, शिडी लावली आणि माझ्या टाकीवरच्या नेटच्या दोऱ्या सोडायला लागली.

"ओ! कोण तुम्ही? कुणाला विचारून सोडताय?"

"पावणं, जरा बाजूला व्हा. दोरी डोक्यात पडंल."

"नेट कुठं चालवलीय?"

"डोंगरावर."

"कुठल्या डोंगरावर?"

शिडीवरच्या माणसानं काम थांबवून माझ्याकडे नीट बघून घेतलं. कोल्हापुरात, चैत्रात, हा प्रश्न विचारणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला असणार. "जोतिबाच्या, पावणं. आबांचं अन्नछत्र असतंय, त्याच्या मांडवाला. दरसाल हीच नेट जातीया."

मी जूनमध्ये नोकरीला लागलो होतो. गेल्या वर्षीची यात्रा मी इथं बघितलीच नव्हती. यांच्या दृष्टीनं ही सांगायची गोष्टच नव्हती. चैत्रात नेट डोंगरावर जाते, हे इथल्या भिंतींनाही माहीत. नवीन माणसाला कुणी सांगितलं नाही, असं मी त्या दिवशी तावातावानं म्हणत होतो. ते खोटं होतं. शैलाक्कानं सांगितलं होतं. तिच्या पद्धतीनं, पण तीन वेळा. समोरच्याला यात्रा म्हटलं की कळतं, असं ती धरून चालली होती आणि मी विचारलं नव्हतं.

मी आबांना फोन लावला. मागं हलगी आणि भांड्यांचा आवाज.

"आबा, पाच दिवस नेट नसली तर कल्चर मरंल."

"मागच्या साली न्हाय मेलं."

"या साली मरंल. डेकोरेशनवाल्याकडनं दुसरं कापड आणा मांडवाला."

"यात्रेच्या तोंडावर जिल्ह्यात कापड शिल्लक असतंय व्हय रं? आणि आयक. लांबनं चालत आलेली माणसं उन्हात बसून जेवणार, आणि तुझं शेवाळ सावलीत बसणार? असं पत्रक काढशील तू?"

फोन ठेवला.  'दरवर्षी नेट जाते हे माहीत असताना दुसरी नेट आजवर का घेतली नाही?' हे उत्तर द्यायला पाहिजे होतं. ते मला चार दिवसांनी सुचलं.

दोन्ही टाक्यांवरची नेट घेऊन टेम्पो गेला. टाकीवर थेट ऊन आलं. मी घरून दोन चादरी आणि एक ताडपत्री आणली. चादरींनी टाकीचा एक कोपरा झाकला. ताडपत्री वाऱ्यानं पाण्यात पडली. मग फळ्याच्या वल्ह्यानं पाणी हलवत बसलो. हलवल्यानं पाण्यात साचलेला ऑक्सिजन निघून जातो आणि तेच तेच धागे वर राहत नाहीत. तेवढीच मदत. बारापर्यंत हातांना फोड आले. माझ्या पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा थर धरायला लागला होता. शेजारी अक्काची टाकी दाट, शांत, अंगावर ऊन घेऊन पसरलेली. ती तिच्या टाकीला वल्हं मारत होती, पण तिच्यात घाई नव्हती. मी पाण्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होतो.

साडेबाराला ती खांद्यावर पाइप टाकून आली. मागून पंप ओढत.

"धर हे टोक. माझ्यातलं चार बॅरल तुझ्यात सोडू. दाट हुईल. वर उन्हात मुरलेलं हाय, तग धरंल."

हे बरोबर होतं. दोन्ही कारणांनी बरोबर होतं आणि मला ते लगेच कळलं. पाठोपाठ दुसरंही कळलं. तिचं उन्हात तयार झालेलं कल्चर माझ्या टाकीत गेलं की पाच दिवसांनी जिवंत काय राहणार? तिचं. माझं मरणार, तिचं वाढणार, आणि तीन नंबरची टाकीही तिचीच होणार. मोठी टाकी तर गेलीच.

"नको," मी म्हणालो.

"का रं?"

"मिक्स झालं तर माझं राहणार न्हाय."

"मेलं तर राहतंय व्हय?"

"मी बघतो माझं."

"आरं, मी काय वाटणी मागाय आलोय? टाकीची कड बघ तुझ्या, फेस धरलाय."

"अक्का, पाइप काढा."

 ती म्हणाली, "बरं," आणि पाइप गुंडाळायला लागली. जाताना वळून म्हणाली, "आज दोनपतोर सांगितलंस तरी चालंल. मी हितंच हाय."

मी सांगितलं नाही. चार वाजता ऊन उतरलं, टाकी अजून हिरवी होती. मी जिंकलो, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. गाडीवर घरी जाताना इनचार्ज झाल्यावर पहिली नोटीस कोणती काढायची, याचा विचार करत होतो.

बुधवारी अकराला रंग मेंदीसारखा झाला. एकला ओल्या पुठ्ठ्यासारखा. फेस वल्ह्याला चिकटायला लागला आणि वास सुटला. मी एक थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला. स्प्रिंगा नव्हत्या. तुकडे होते, आणि त्या तुकड्यांतले बरेच रिकामे. दहा महिने मी ज्यांच्यावर काम केलं ते.

अडीचला मी तिच्याकडे गेलो. एवढ्या दहा-पंधरा पावलांना मला बराच वेळ लागला.

"अक्का, पाइप."

ती आली. ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि बाजूला ओतून दिलं. "आता घालून उपेग न्हाय रं. माझं बी नासंल यात."

ती आणखी काही बोलेल, म्हणून मी थांबलो. 'सांगितलं हुतं' एवढं तरी. ती म्हणाली, "बस झालं बघत. वल्हं घे, माझी टाकी हलवाय लाग. तीन दिवस अजून काढायचं हायत."

आणि मी तीन दिवस तिची टाकी हलवली. भर दुपारी, ती एका कडेला, मी दुसऱ्या. ती तिची टाकी आहे हे प्रत्येक वल्ह्याला मला आठवत होतं. ताटली रोज दोन-तीन सेंटीमीटरला दिसेनाशी होत होती. मी रीडिंग घ्यायचो आणि वहीत लिहायचो. एकदा वाटलं, चुकीचं लिहावं. लिहिलं नाही. पण वाटलं होतं.

नेट परत आली ती गुलालानं माखून. तशीच बांधली असती तर पहिल्या दवाला सगळा गुलाल टाकीत उतरला असता. म्हणून दोघांनी नेट अंथरून पाइपनं धुतली. दोघांचे हात कोपरापर्यंत गुलाबी.

"चांगभलं म्हण," अक्का म्हणाली. "डोंगरावर न जाता गुलाल लागला."

"तुम्हाला बरं सुचतंय, अक्का."

"मला सुचतंय, तुला लागतंय. तोंड बघ कसं केलंयस, मयताला आल्यागत."

"मयतच हाय माझ्याकडं."

यावर ती खो खो हसली. मला हसू आलं नाही.

अजून एक आशा शिल्लक होती, आणि ती लिहायला मला लाज वाटते म्हणून लिहितोच. त्या पाच दिवसांतल्या अक्काच्या मालाचा सॅम्पल आमच्या खरेदीदाराच्या लॅबला गेला होता. रिपोर्ट आला. स्पिरुलिनात एक निळं रंगद्रव्य असतं, फायकोसायनिन. खरेदीदाराला तेच महत्त्वाचं. पेशी त्यानं ऊन गोळा करते. ऊन फार झालं की ती हे रंगद्रव्य कमी करते, आपण दुपारी खिडक्या लावून घेतो तसं. अक्काच्या मालात निळा कमी आला होता. मी तो कागद प्रिंट केला, त्या ओळीखाली रेघ मारली आणि आबांपुढं ठेवला. अक्का तिथंच बसली होती.

"आबा, क्वालिटी पडलीया. असलं बियाणं मोठ्या टाकीत घालणार?"

आबांनी कागद वाचला. घडी घातली. "बरं. तुझं दे मग."

माझी टाकी त्या वेळी रिकामी होती. मीच सकाळी ब्रशनं घासून वाळत ठेवली होती.

"सावली मिळाली की निळा परत येतोय, आबा," अक्का म्हणाली. माझ्याकडे न बघता. "धा दिवस द्या."

दहा दिवस दिले. त्या दहा दिवसांत मी मनातल्या मनात एकच मागणी लावून धरली होती, सॅम्पल नापास व्हावा. पास झाला. निळा पहिल्याइतकाच.

मोठ्या टाकीत तिचं बियाणं गेलं. नारळ आबांनी फोडला, पंप तिनं चालू केला, पाइपाचं टोक मी धरलं होतं. ती इनचार्ज झाली. माझ्या तीन नंबरच्या टाकीतही तिचंच बियाणं घातलं, कारण दुसरं नव्हतं. वशिल्याचीही चौकशी केली मी. निघाला नाही. आबांशी तिचं कसलंच नातं नाही.

नवा नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी भाषा चांगली. यात्रेच्या वीस दिवस आधीपासून नेट रोज थोडी उशिरा ओढायची. शेवटच्या आठवड्यात गाळणी निम्मी करायची. नवीन माणसाला नेट कुठं जाते ते पहिल्याच दिवशी सांगायचं. अक्कानं तोंडी सांगितलं, मी टाईप केलं. प्रत्येक ओळीपुढं मी उद्गारचिन्ह टाकलं होतं. तिनं वाचून विचारलं, "एवढं वरडाय कशाला लागतंय?" काढली. खाली नियम तयार करणाऱ्याचं नाव टाकायचं होतं. पहिल्या प्रिंटमध्ये मी ते विसरलो. विसरलो, असं म्हणतो. आबांनी कागद परत पाठवला तेव्हा घातलं.

दुसरी नेट अजून घेतलेली नाही. त्याबद्दल मी आबांना लेखी निवेदन दिलं आहे, पाठपुरावा चालू आहे.

सोमवारी आता माझा आकडा बरा येतो. कधीकधी तिच्या जुन्या टाकीच्या वर जातो. "बग, आलं की तुझं वर," ती म्हणते. टाकीतलं सगळं तिच्याच बियाणातून आलेलं आहे, हे ती विसरून जाते. मी विसरत नाही.

या धंद्यात येणाऱ्याला मी दोन गोष्टी सांगतो. कल्चरवरची सावली एकदम काढू नये. आणि शेजारची टाकी मदत द्यायला आली तर त्याच दिवशी, ऊन चढायच्या आत हो म्हणावं, कितीही जिवावर आलं तरी. हेवा नंतरही करता येतो. मी अजून करतो.